छातीचा सीटी: थिन कट मागून घ्या

छातीचा सीटी काढायचा ठरला की घरातलं कुणीतरी सेंटरला फोन लावतं आणि पहिला प्रश्न विचारतं, ‘तुमचं मशीन किती स्लाइसचं?’ कोविडच्या काळात हा प्रश्न फारच रूढ झाला. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने एचआरसीटीचे कमाल दर ठरवून दिले, तेही मशीनच्या स्लाइसप्रमाणेच होते: १६ पेक्षा कमी स्लाइसला २००० रुपये, १६ ते ६४ ला २५०० आणि त्यापुढच्या मशीनला ३०००. दर ठरवायला ती सोय ठीकच होती. पण जितक्या जास्त स्लाइस तितकं चित्र स्पष्ट, हा समज त्यातून घट्ट बसला. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी खरे विचारायचे प्रश्न राहून जातात.

मशीनचं नळकांडं रुग्णाभोवती एकदा फिरतं तेव्हा एकाच वेळी किती रांगांमधून माप घेतलं जातं, हे स्लाइसचा आकडा सांगतो. म्हणजे तो मुख्यतः वेगाचा आकडा आहे. सर्वांत पातळ काप किती निघू शकतो, हे त्या रांगेतल्या एकेका डिटेक्टरच्या रुंदीवर ठरतं, आणि ती रुंदी १६ स्लाइसच्या चांगल्या मशीनवर आणि १२८ स्लाइसच्या मशीनवर बरेचदा जवळपास सारखीच असते: अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या दरम्यान. फरक पडतो तो वेळेत. पूर्ण छाती पातळ कापांत घ्यायला १६ स्लाइसच्या मशीनला दहाएक सेकंद लागतात, मोठ्या मशीनला तीन-चार. ज्याला दहा सेकंद श्वास धरवत नाही, त्या दमेकरी किंवा वयस्क माणसासाठी मोठं मशीन खरोखर मोलाचं आहे. बाकीच्यांनी स्लाइस विचारण्याऐवजी काप किती मिलिमीटरचे काढणार आणि त्यातले आमच्या हातात कोणते देणार, हे विचारावं.

जाडी

सीटीचं चित्र म्हणजे फोटो नव्हे. शरीराच्या एका कापातल्या प्रत्येक बारीक चौकोनाची घनता मोजून तिला एक आकडा दिलेला असतो. हवेला उणे १०००, पाण्याला शून्य. या एककाला हाउन्सफील्ड म्हणतात. हवेने भरलेलं निरोगी फुफ्फुस उणे ८५० च्या आसपास असतं, मांसल गाठ अधिक ३०-४० च्या. काप जाड असला की त्याच्या जाडीत जे जे येतं त्या सगळ्याची सरासरी होऊन एकच आकडा उरतो. चिमूटभर हळद वाटीभर दुधात टाकली तर रंग दिसतो, तीच हंडाभर दुधात टाकली तर दूध पांढरंच राहतं.

आकड्यांतच पाहू. चार मिलिमीटरची एक घट्ट गाठ आहे. काप पाच मिलिमीटरचे आहेत आणि गाठ नेमकी दोन कापांच्या सीमेवर आली, अर्धी वरच्या कापात, अर्धी खालच्या. प्रत्येक कापात गाठीच्या मध्यावरसुद्धा पाचपैकी दोनच मिलिमीटर गाठ, उरलेलं तीन मिलिमीटर फुफ्फुस. सरासरी येते उणे ५०० च्या जवळ. म्हणजे घट्ट गाठ चित्रात फिकट, धुरकट डाग होऊन बसते. रेडिओलॉजिस्ट ज्याला ग्राउंड ग्लास म्हणतात तसलीच ती दिसू लागते, आणि घट्ट गाठ व ग्राउंड ग्लास गाठ यांचा पाठपुरावा वेगवेगळ्या वेळापत्रकाने करायचा असतो. गाठ दोन मिलिमीटरची असेल तर ती नजरेतूनही सुटू शकते. एक मिलिमीटरच्या कापात ही भानगड जवळपास उरत नाही.

म्हणूनच फुफ्फुसातल्या गाठींचा पाठपुरावा कसा करावा याची जी मार्गदर्शक तत्त्वं फ्लाइश्नर सोसायटीने २०१७ मध्ये सुधारली, त्यांत दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, सलग काप घ्या आणि जपून ठेवा, असं सांगितलेलं आहे. शक्यतो एक मिलिमीटरचे. ‘सलग’ हा शब्दही महत्त्वाचा. जुन्या काळच्या एचआरसीटीत दर १० मिलिमीटरनंतर एक मिलिमीटरचा काप घेत, म्हणजे फुफ्फुसाचा दहावा हिस्साच प्रत्यक्ष पाहिला जाई. पसरलेल्या आजारांसाठी ते चालून जायचं, कारण असा आजार कुठल्या ना कुठल्या कापात सापडतोच. एकुलती एक गाठ मात्र मधल्या नऊ मिलिमीटरांत सहज लपायची. आता एकाच श्वासात सगळी छाती पातळ कापांत मिळते. त्यामुळे एचआरसीटी म्हणजे काही वेगळं यंत्र असतं असं नाही. पातळ काप, तीक्ष्ण फिल्टर आणि नीट भरलेला श्वास हे तिन्ही जमलं की नेहमीच्याच मशीनवरचा सीटी एचआरसीटी होतो. तिन्हींपैकी एकही चुकलं, तर पावतीवर एचआरसीटी छापलेलं असूनही तो नसतो.

मग सगळेच सगळीकडे पातळ काप का देत नाहीत? एक कारण रास्त आहे, एक नाही. रास्त कारण असं की काप पातळ केला की त्यात पोचणारे क्ष-किरण कमी होतात आणि चित्रात दाणे येतात. क्ष-किरणांची मात्रा तीच ठेवून पाच मिलिमीटरवरून एक मिलिमीटरवर आलात तर हे दाणे सव्वादोन पटींच्या आसपास वाढतात. फुफ्फुसात हवा आणि मांस यांच्यातला फरक एवढा मोठा असतो की दाणे असले तरी फारसं बिघडत नाही. पण छातीच्या मध्यभागातल्या लसिका ग्रंथी, अन्ननलिका, रक्तवाहिन्या यांच्या घनतेत फरक थोडा असल्याने तिथे दाणेदार चित्र वाचायला त्रास होतो, म्हणून तिथे तीन ते पाच मिलिमीटरचे काप पाहणं योग्यच. दुसरं कारण साठवणीचं. तीस सेंटिमीटर उंचीच्या छातीचे पाच मिलिमीटरचे काप साठ, तर एक मिलिमीटरचे तीनशे होतात. एकेक काप अर्धा एमबी धरला तर दीडशे एमबी. आजच्या दिवसांत दीडशे एमबी म्हणजे काहीच नाही, आणि या कारणाने रुग्णाला जाड काप देणं मला अजिबात पटत नाही. एकाच स्कॅनच्या मोजमापांतून मशीन पातळ आणि जाड दोन्ही संच बनवू शकतं. त्यासाठी रुग्णाला पुन्हा झोपवावं लागत नाही की एका किरणाचीही भर पडत नाही. पातळांवरून जाड केव्हाही बनवता येतात, जाडांवरून पातळ कधीच नाही. मूळ मोजमापं, ज्यांना रॉ डेटा म्हणतात, ती बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांत कन्सोलवरून, म्हणजे मशीनच्या संगणकावरून, पुसली जातात. त्यामुळे मागायचं ते त्याच दिवशी.

चौकोन आणि चौकट

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी निघाला, तेव्हा चित्र ८० गुणिले ८० चौकोनांचं होतं. आज बहुतेक मशीनवर ते ५१२ गुणिले ५१२ असतं. हा आकडा तसा ठरलेलाच. टेक्निशियनच्या हातात असतं ते या ५१२ चौकोनांत केवढं क्षेत्र बसवायचं. त्याला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात, बोलताना नुसतं एफओव्ही. ३५० मिलिमीटरची चौकट धरली तर एकेक चौकोन ०.६८ मिलिमीटरचा येतो. घाईत कपडे, हात, टेबलासकट ५०० मिलिमीटरची चौकट राहू दिली तर तोच चौकोन जवळपास एक मिलिमीटरचा होतो आणि बारीक श्वासनलिकांच्या भिंती पुसट होतात. फुफ्फुसं बरोबर बसतील एवढीच चौकट ठेवणं हे टेक्निशियनच्या दोन बोटांचं काम, पण चित्रावर त्याचा परिणाम मोठा.

एखाद्या गाठीची कडा बारकाईने पाहायची असेल तर फक्त त्या बाजूच्या फुफ्फुसाची, म्हणजे १८० मिलिमीटरची, चौकट घेऊन रॉ डेटावरून नवीन संच काढता येतो. चौकोन ०.३५ मिलिमीटरचा होतो. स्क्रीनवर झूम करणं निराळं. झूममध्ये तेच चौकोन मोठे दिसतात, नवी माहिती येत नाही. अर्थात चौकट लहान करत जाण्यालाही मर्यादा आहे. डिटेक्टरने जेवढं बारीक मोजलं त्यापलीकडे चौकोन कितीही लहान केले तरी हाती काही लागत नाही. फोटॉन काउंटिंग नावाची जी नवी मशीन आली आहेत, ज्यांतल्या पहिल्याला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये परवानगी दिली, त्यांत डिटेक्टरच मुळात बारीक आहे. काप ०.२ मिलिमीटरपर्यंत निघतो आणि चित्र १०२४ चौकोनांचं घेण्यात अर्थ उरतो.

फिल्टर

मोजमापांवरून चित्र बनवताना संगणक एक गणिती फिल्टर लावतो. त्याला कर्नल म्हणतात. मऊ कर्नल दाणे दाबतो आणि कडा थोड्या बोथट करतो. तीक्ष्ण कर्नल कडा उठावदार करतो आणि दाणेही वाढवतो. फुफ्फुसासाठी तीक्ष्ण आणि मध्यभागासाठी मऊ, असे दोन संच असावेत. इथेही स्कॅन एकच, किरण तेवढेच.

यात एक धोका आहे, आणि तो फॅमिली डॉक्टरांनाही माहीत असावा. तीक्ष्ण कर्नल गाठीच्या कडेचा आकडा खऱ्यापेक्षा वर नेतो. तीक्ष्ण संचावर घनता मोजली तर साध्या गाठीत कॅल्शियम असल्याचा भास होऊ शकतो, आणि कॅल्शियम असलेली गाठ बहुधा जुनी, निरुपद्रवी असं मानलं जातं. म्हणून गाठीची घनता मऊ कर्नलच्या पातळ कापावरच मोजायची. धूम्रपानाने फुफ्फुस किती पोकळ झालं, म्हणजे एम्फिसिमा किती आहे, हे उणे ९५० च्या खालचे चौकोन मोजून ठरवतात, तो आकडासुद्धा कर्नल आणि जाडी बदलली की बदलतो. दोन वर्षांत एम्फिसिमा वाढला असं रिपोर्ट म्हणत असेल, तर आधी दोन्ही स्कॅन एकाच सेटिंगवर झाले होते का, ते पाहावं.

स्क्रीनवर काळं-पांढरं बदलतं, ते विंडो. फुफ्फुसासाठी साधारण १५०० रुंदीची आणि उणे ६०० मध्य असलेली, मध्यभागासाठी ४०० रुंदीची आणि अधिक ४० मध्य असलेली. विंडोने चित्र बदलतं, मोजमाप बदलत नाही. फिल्मवर मात्र जी विंडो छापली तीच कायमची राहते.

मात्रा वाढवली की चित्र सुधारतं, पण किती?

दाणे निम्मे करायचे तर क्ष-किरणांची मात्रा चौपट करावी लागते. इतका महाग सौदा फुफ्फुसासाठी क्वचितच करावा लागतो. नेहमीच्या छातीच्या सीटीला साधारण ५ ते ७ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते, लो-डोस सीटीला दीडच्या आसपास. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, त्याच्याशी ताडून पाहा. अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या किंवा केलेल्या लोकांवर झालेल्या एनएलएसटी या अभ्यासात लो-डोस सीटीने तपासलेल्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू एक्स-रेने तपासलेल्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी आढळले. २०११ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाठ शोधायला दाणेदार चित्रही पुरतं, याची ती मोठी साक्ष. लठ्ठ माणसाला मात्रा जास्त लागते, बारीक अंगाच्या माणसाला आणि मुलांना बरीच कमी. मशीन आपोआप हे जुळवतं, फक्त ती सोय चालू आहे ना आणि रुग्ण मशीनच्या कड्याच्या (गँट्रीच्या) बरोबर मध्यावर झोपला आहे ना, हे टेक्निशियनने पाहावं लागतं. हल्ली संगणक दाणे कमी करून देतो. जपून वापरलं तर उत्तम, पण जास्त ताणलं तर चित्र मेणासारखं गुळगुळीत होतं आणि बारीक जाळीदार रेषा त्याबरोबर निघून जातात.

सेंटर निवडताना किमान एक गोष्ट पाहावी. भारतात सीटी मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना लागतो. तो आहे का, हे विचारायला संकोच नको.

तुमच्या हातातलं सेटिंग

आतापर्यंत सांगितलं ते सगळं कन्सोलवर ठरतं. पण सर्वाधिक चित्रं बिघडतात ती श्वासामुळे, आणि ते सेटिंग पूर्णपणे रुग्णाच्या हातात असतं. अर्ध्या मिलिमीटरच्या कापाचा काय उपयोग, जर त्या दहा सेकंदांत छाती आणि पोट यांच्यामधला पडदा दोन सेंटिमीटर हलला? हललेल्या चित्रात एका रक्तवाहिनीच्या दोन दिसतात आणि फुगलेल्या श्वासनलिकेचा भास होतो. श्वास अर्धवट घेतला तर फुफ्फुस दाटतं, त्याचे आकडे वर सरकतात आणि निरोगी फुफ्फुसही धुरकट दिसतं. ते पाहून रिपोर्टमध्ये ग्राउंड ग्लासची शंका येऊ शकते.

म्हणून आदल्या दिवशी घरीच सराव करा. उताणं झोपून, दोन्ही हात डोक्याच्या वर घेऊन, दोनदा सावकाश श्वास घ्या-सोडा, तिसऱ्यांदा पूर्ण छाती भरून घ्या आणि दहा आकडे मोजेपर्यंत तोंड-नाक मिटून धरा. पोट हलता कामा नये. खोकला येत असेल तर आत जाण्याआधी कोमट पाण्याचे दोन घोट घ्या, आणि खोकला फार असेल तर टेक्निशियनला तसं सांगा. उसंत मिळाली की ते सुरू करतील. मशीनमधून येणारी सूचना बरेचदा हिंदीत किंवा इंग्रजीत असते. आजी-आजोबांना ती पहिल्यांदा ऐकताना कळत नाही आणि कळेपर्यंत स्कॅन संपलेला असतो. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ हे आधी मराठीत एकदा करवून घ्या, अशी विनंती करा.

हात वर नेता येत नसतील तर सांगावं, कारण खाली राहिलेल्या हातांमुळे चित्रावर आडवे पट्टे उमटतात. मंगळसूत्र, साखळी, सेफ्टी पिन, ब्लाउजचे हुक, अंतर्वस्त्रातली तार, हे सगळं काढून ठेवायचं. मंगळसूत्र काढायला ज्या बायकांचं मन तयार होत नाही, त्यांना घरच्यांनीच समजावून न्यावं. काढणं अगदीच शक्य नसेल तर ते छातीवरून सरकवून हनुवटीपर्यंत वर घ्या, एवढ्यानेही बराच फरक पडतो. गरोदर असल्याची शंका असेल तर टेबलावर चढण्याआधी बोलायचं.

चिठ्ठीवर काय लिहावं

हे डॉक्टरांसाठी, आणि डॉक्टरांकडून लिहवून घेणाऱ्या नातेवाइकांसाठी. ‘एचआरसीटी चेस्ट’ एवढ्या दोन शब्दांवर टेक्निशियन नेहमीचं सेटिंग लावणार. शंका कशाची आहे हे लिहिलं तर सेटिंग बदलतं. धाप लागते, खोकला कोरडा आहे, घराच्या खिडकीत किंवा डक्टमध्ये कबुतरं आहेत, पाठीवर स्टेथोस्कोप लावल्यावर चरचर ऐकू येते: अशा रुग्णात हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची शंका असते. आयएलडी-इंडिया नोंदणीचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले तर फुफ्फुस कडक होण्याच्या आजारांच्या त्या रुग्णांत जवळजवळ निम्म्यांना हाच आजार होता. यात हवा बारीक नलिकांमागे अडकून राहते, आणि ती श्वास भरलेल्या चित्रात बरेचदा नीट दिसत नाही. श्वास पूर्ण सोडून घेतलेले काप लागतात. चिठ्ठीवर ‘एक्स्पिरेटरी कट्स हवेत’ लिहिलं नाही तर ते घेतले जातीलच असं नाही, आणि मग पुन्हा जावं लागतं.

पाठीकडच्या भागात सुरुवातीचे बदल असल्याची शंका असेल तर पालथं झोपवून काही काप घेतात. उताणं झोपल्यावर निरोगी फुफ्फुसाचाही खालचा भाग थोडा दाबला जाऊन पांढुरका दिसतो. पालथं झाल्यावर तो पांढुरकेपणा गेला तर आजार नव्हता. श्वासनलिका फुगल्याची, ब्राँकायक्टेसिसची, शंका असेल तर एक मिलिमीटरचे सलग काप लागतात. फुफ्फुसाच्या काठापासून एक सेंटिमीटरच्या आत नलिका दिसू लागणं ही त्या आजाराची एक खूण आहे, आणि जाड कापात ती सापडणं कठीण. रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेल्याची शंका असेल तर साधा एचआरसीटी कामाचाच नाही. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन वेगळ्या वेळेवर घेतलेला सीटी अँजिओ लागतो. कापांच्या जाडीने ती उणीव भरून निघत नाही.

घरी आणायचं ते

फिल्मवर वीस-वीस लहान चित्रं छापलेली असतात. ती दाखवायला सोयीची, निदानाला तोकडी. फिल्मचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर मोठ्या डॉक्टरांना पाठवला की चित्र आणखी दाबलं जातं, विंडो बदलता येत नाही आणि गाठ मोजता येत नाही. दूरच्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर डायकॉम फाइल, म्हणजे सीटीची मूळ फाइल, सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने, पाठवा.

काउंटरवर मागताना नेमकं म्हणा: ‘एक मिलिमीटरचे थिन कट, लंग आणि सॉफ्ट टिश्यू दोन्ही कर्नलचे, डायकॉममध्ये द्या.’ सीडी घरी आल्यावर संगणकाला लावून पाहा. एकाही संचात साठ-सत्तरहून जास्त चित्रं नसतील तर जाडच काप आले आहेत. त्याच दिवशी परत जा, रॉ डेटा अजून असेल.

गाठ सापडली आणि डॉक्टरांनी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा स्कॅन सांगितला, तर ही सीडी सर्वांत जास्त उपयोगी पडते. गोल गाठीचा व्यास २६ टक्क्यांनी वाढला की तिचं आकारमान दुप्पट होतं. सहा मिलिमीटरची गाठ साडेसातची झाली म्हणजे ती जवळपास दुप्पट झाली. हा फरक दीड मिलिमीटरचा आहे. पहिला स्कॅन पाच मिलिमीटरच्या कापांचा असेल तर तो पकडणार कशाने? हाताने मोजण्यातच चूक होते म्हणून फ्लाइश्नर सोसायटी दोन मिलिमीटरपेक्षा कमी बदलाला वाढ धरत नाही. त्यामुळे दुसरा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा. ते जमलं नाही तरी जुनी सीडी बरोबर न्या आणि स्कॅन सुरू होण्याआधी टेक्निशियनच्या हातात द्या. जाडी, कर्नल आणि चौकट हे तिन्ही आकडे डायकॉम फाइलमध्ये नोंदलेले असतात, ते पाहून त्यांना तेच सेटिंग लावता येईल.